येते म्हणावं

ही घटना खरी आहे. ज्यांच्या घरात ती घडली ती माणसं आजही नेदरलँड्समध्ये राहतात. नावं बदलली आहेत, एका गावाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. बाकी काहीही वाढवलेलं नाही. उलट थोडं कमीच सांगितलंय.

भुताखेतांचं सगळं रात्री घडतं, असं आपण धरून चालतो. अमावास्या, पाऊस, गेलेले दिवे.

इथे यातलं काहीच नव्हतं.

जुलै महिना होता. भर दुपार होती. ऊन इतकं स्वच्छ की तळ्याच्या पलीकडच्या काठावरचं एकेक झाड वेगळं दिसत होतं.

आणि त्या उन्हात, पोलंडमधल्या एका लहानशा जुन्या गावात, वैदेहीला पाण्यावरून कोल्हापुरी मराठी ऐकू आली...

वैदेही मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर शिरीषबरोबर नेदरलँड्समधल्या ब्रेडाला आली, तिथेच रुळली. तो एका लॉजिस्टिक्स कंपनीत आयटीत. ती सुरुवातीला घरीच होती, मग डच शिकली, आता सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते, बहुतेक दिवस घरूनच. मुलगी जुई, नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर डचमध्ये यायचं, नाहीतर इंग्लिशमध्ये.

त्या हिवाळ्यात वैदेहीचे बाबा गेले. ती एकटीच कोल्हापूरला गेली. दिवसकार्य होईपर्यंत माणसं भेटायला येत होती. बसायची, मान हलवायची, आणि उठताना एक शब्द न बोलता चपला घालून निघून जायची.

एरवी आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. पण ज्या घरातलं माणूस गेलंय तिथून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. हे कोणी समोर बसवून शिकवत नाही. बघून बघून कळतं.

जुई तेव्हा ब्रेडातच होती. तिने ते पाहिलं नाही.

एवढीशी गोष्ट. पण पुढे तीच नडली.

उन्हाळा लागल्यावर वैदेहीने आईला ब्रेडाला आणलं. विमानतळाच्या दारातून बाहेर आलेली सुरेखाबाई तिला क्षणभर ओळखूच आली नाही. आई बोलायची थांबली नव्हती, पण विचारलं तेवढंच बोलायची. जेवलीस का? हो. झोप लागली? लागली. मग पुन्हा गप्प. खिडकीबाहेर बघत बसायची आणि बाहेर काय आहे विचारलं तर सांगता यायचं नाही.

वैदेहीला एकच धास्ती होती. बाबा गेले. आता आईही हळूहळू, काही न बोलता, उठून चालली आहे.

तिला थांबवायचं. काय वाटेल ते करून थांबवायचं.

आई खुलायची ती फक्त सकाळी, जुई शाळेला निघताना.

"दुई!" सायकल काढत जुई ओरडायची. दुई म्हणजे डच लोकांचा टाटा.

"दुई काय, दुई? येते म्हण."

"व्हारॉम, ओमा?"

"ओमा ती समोरची कुत्रेवाली. मी आजी. आणि व्हारॉम म्हणजे काय ते मला कळतं आता. का म्हणजे, 'जाते' म्हणू नये. माणूस जातं. 'येते' म्हणावं. म्हणजे माणूस परत येतं."

"आजी, आय ॲम ओन्ली गोइंग टू स्कूल!"

"शाळेत जा नाहीतर लंडनला जा. नेहमी येते म्हणायचं. नेहमी!"

"दुई, आजी!"

आणि आई हसायची. वैदेही तेवढ्या हसण्यासाठी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी राहायची.

पोलंडचं शिरीषने काढलं. त्याच्या ऑफिसातला एक पोलिश सहकारी आपल्या गावाचं फार कौतुक करायचा. गावाला जुनी तटबंदी, बाजारचौक, बाहेर मोठं तळं, पाइनच्या जंगलातून सायकलच्या वाटा. गाडीने जाता येईल, जर्मनीत एक मुक्काम. वैदेहीने आईला विचारलं ते नुसतं विचारायचं म्हणून. तुम्ही जा, मी घरी थांबते, हे उत्तर तिला पाठ होतं.

आईने मान वर केली.

"पोलंड? म्हणजे हौसामावशीचं पोलंड?"

हौसामावशीची गोष्ट वैदेहीने लहानपणी शंभरदा ऐकली होती. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. हजारो बायका-मुलं तिथे काही वर्षं राहिली. वैदेहीची आजी, अक्काताई, तेव्हा परकरात होती आणि वळिवड्याचीच होती. छावणीतल्या एका पोरीशी तिची गट्टी जमली. पोरीचं नाव हान्का. घरात तिची हौसा झाली. अनवाणी हिंडायची, ठेचा-भाकरी खायची, आणि बोलायची अशी की डोळे मिटले तर गावातलीच कुणी वाटावी.

लढाई संपली. छावणी उठली. हान्काचा ट्रक हलला तेव्हा अक्काताई रडत उभी होती. आणि हान्का ट्रकमधून ओरडली, "येते गं अक्के!"

अक्काताईनेच शिकवलं होतं. जाते म्हणू नको, येते म्हण.

त्यानंतर तिचा पत्ता लागला नाही. पोलंडला गेली की इंग्लंडला, कुणालाच ठाऊक नाही. आजी मरेपर्यंत म्हणायची, "हौसा येते म्हणाली, ती गेलीच."

"आई, पोलंड केवढा देश आहे," वैदेही म्हणाली. "तिथे कुठे हौसामावशी?"

"नसू दे की. गाव तर बघू."

"भेटली तर पहिली भाकरी मागेल बघा," शिरीष म्हणाला. "परात बरोबर घ्या, आई."

"शिरीषराव, तुम्हाला खाता येणार नाहीत तेवढ्या ती थापायची म्हणे," आई म्हणाली.

वैदेहीने त्याच रात्री बुकिंग केलं.

गाव खरंच सुंदर होतं. चौकाच्या कडेने कमानी, मधोमध नगरपालिकेची उंच मनोऱ्याची इमारत, रंग उडालेली पिवळी-गुलाबी घरं. खांबांवर करकोच्यांची घरटी. आई मनोरा चढली. निम्म्यात कठड्याला धरून थांबली, "तुमचे बाबा असते तर खालीच बसले असते पेपर वाचत," म्हणाली, आणि पुन्हा चढायला लागली. बाबांचं नाव तिने पहिल्यांदाच आपणहून काढलं होतं. वरून तटबंदी दिसत होती, तिच्या बाहेर जंगल, आणि जंगलाच्या कुशीत तळं.

खानावळीत बटाटा-पनीर भरलेले पिएरोगी आले.

"ह्या तर उकडलेल्या करंज्या," आई म्हणाली. "मुरड घालायला शिकवायला पाहिजे ह्या बायकांना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकली घेतल्या. आईसाठी शिरीषने तीनचाकी शोधून आणली. तिच्यावर बसून जंगलातल्या वाटेने आई पुढे, घंटी वाजवत, आणि मागे जुई ओरडतेय, "आजी, लांगझाम! हळू!" वैदेही सगळ्यांत मागे होती. रडू आलेलं कुणाला दिसू नये म्हणून.

आई परत येत होती.

शेवटच्या दिवशी तळ्यावर कयाक घ्यायचं ठरलं.

आईने कयाककडे एकदा पाहिलं. "ह्या शेंगेत मी बसायची नाही. तुम्ही जा. मी बसते इथं."

काठावर जुना लाकडी धक्का होता, त्याच्याजवळ एक बाक. बाकामागे माजलेली झुडपं, आणि त्या झुडपांत एक लोखंडी फाटक. बंद. वैदेहीने फाटक पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. घर असेल कुणाचं.

एका कयाकमध्ये शिरीष, दुसऱ्यात वैदेही आणि जुई. शिरीष बघता बघता लांब निघून गेला.

"दुई, आजी!"

"येते म्हण!" काठावरून आई ओरडली. तिचा आवाज पाण्यावरून गोट्यासारखा घरंगळत आला.

दोघी तळ्याच्या मध्यापर्यंत आल्या. गावातल्या मनोऱ्यावर बाराचे टोले पडायला लागले.

शेवटचा टोला विरला...

आणि सगळं गप्प झालं.

पाखरं गप्प. वारा गप्प. वल्ह्यावरून गळणारा थेंब पाण्यात पडलेला ऐकू यावा, इतकं गप्प.

मग आई हसली.

मोठ्याने. मनापासून. बाबा गेल्यापासून ती असं हसली नव्हती. वैदेहीने वळून पाहिलं. आई बाकावर एका कडेला सरकून बसली होती, फाटकाकडे तोंड करून. अर्धा बाक तिने मोकळा सोडला होता.

फोनवर कुणाशी बोलतेय का? पण आईचा फोन वैदेहीच्या पिशवीत होता.

मग दुसरा आवाज आला...

म्हाताऱ्या बाईचा. जरा घोगरा, ओलसर.

"लई उशीर केलास की गं अक्के..."

वैदेहीच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं.

"मम," जुई कुजबुजली. "वी इज दात?" कोण आहे ते?

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

काठावर आईशिवाय कुणी नव्हतं. ऊन लख्ख होतं. बाक दिसत होता, आईची निळी साडी दिसत होती, तिचा हलणारा हात दिसत होता. बाकी कुणी नव्हतं.

"बस की जरा... च्या टाकते."

"नको आता," आईचा आवाज. "पोरं येतील. पुन्हा कवातरी."

"बघ हां. ये की मग."

"व्हय, व्हय. येते हं. येते."

फाटक करकरलं...

मग एकदम पाखरं ओरडायला लागली. वारा आला. कयाक डुलली.

वैदेहीने आयुष्यात कधी मारलं नसेल एवढ्या जोराने वल्हं मारलं. धक्क्याला लागताच उडी टाकून ती आईकडे धावली.

आईचे गाल लाल झाले होते. "अगं, एक बाई भेटली! आपल्याकडचं बोलत होती. अस्सल, आपल्या गावचं! पण म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येतं. मला अक्काच समजली. मी म्हटलं, अहो, अक्का माझी आई. तर ऐकेचना."

"कुठे गेली ती?"

"आत गेली की, फाटकातनं. चहा टाकते म्हणत होती. मीच नको म्हटलं."

वैदेही फाटकापाशी गेली. गंजलेली साखळी होती, साखळीवर वेल चढले होते. ते फाटक कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. तिने आत डोकावून पाहिलं.

आत घर नव्हतं.

थोडं गवत होतं. आणि गवतापुढे लगेच पाणी. तळं तिथे वळून आत शिरलं होतं.

ती मागे वळली. आई उठून उभी राहिली होती, साडी झटकत होती. ती बसली होती तेवढा बाक कोरडा होता.

शेजारचा अर्धा ओला होता...

तोवर शिरीषही आला. त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. "अरे वा, भेटली की नाही हौसामावशी!" तो म्हणाला. कयाक भाड्याने देणाऱ्या माणसाला त्याने फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधून विचारलं, इथे एखादी म्हातारी बाई राहते का, त्या फाटकाच्या घरात?

त्या माणसाने फाटकाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. हळू आवाजात फोनमध्ये काहीतरी बोलला.

फोनमधली यंत्राची बाई सपाट मराठीत म्हणाली, "घर नाही. बाई पाण्यात राहिली."

शिरीष हसला. "पाण्यात राहते म्हणे! काय भाषांतर करतात."

तो माणूस हसला नाही. त्याने छातीवर क्रुसाची खूण केली आणि कयाक ओढून घ्यायला लागला.

ब्रेडाला परतल्यावर आई बदलली. बोलायला लागली, गुणगुणायला लागली. आल्याचा चहा, थालीपीठ, जुईच्या डोक्याला तेल. वैदेहीने स्वतःला समजावलं. पाण्यावरून आवाज लांबून येतात. पलीकडे कुणी भारतीय पर्यटक असतील. बाकावर कुणीतरी पाणी सांडलं असेल. माणसाला जे हवं असतं त्यासाठी तो कारणं शोधतोच. तिला आई हवी होती. आई हसत होती. पुरे होतं.

मग आई दुपारची मागच्या बागेत बसायला लागली.

बाग कसली, खुर्च्या मावतील एवढी जागा. टोकाला लाकडी फाटक, त्यामागे गल्ली, गल्लीपलीकडे कालवा. आई फाटकाकडे तोंड करून बसायची. बाराच्या सुमारास. शेजारी एक रिकामी खुर्ची ओढून घ्यायची.

"आई, कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही गं." आणि थोड्या वेळाने, "चहा राहिला बघ तिथं. बरं नाही दिसत."

वैदेही तिला हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने रक्तदाब पाहिला. दुःखात असं होतं, म्हणाला. भरपूर पाणी पिऊ द्या.

पाणी म्हटल्यावर आई हसली.

त्या संध्याकाळी वैदेहीला राहवलं नाही. "आई, खरं सांग. कोण येतं?"

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येत नाही कोण. बोलवायला येतात, ते वेगळं."

"तू जायचं नाहीस."

"मी येते म्हणून आलेय, वैदू."

"तू सवयीने म्हणालीस! आपण सगळेच म्हणतो. वाण्याच्या दुकानातून निघतानाही म्हणतो."

"सवयीनं म्हटलेलंच खरं असतं, पोरी. विचार करून माणूस खोटं बोलतं." आईने काड्या बाजूला केल्या. "हौसा तशी गेली, तर अक्का जन्मभर तिच्या नावानं बोलली. आता मी तसं करू?"

"आणि मी?" वैदेहीचा आवाज चिरकला. "मला काय म्हणून जाशील?"

आईने तिच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी नीट, पूर्ण पाहिलं.

"तुला काय म्हणायचं वेगळं? येतेच म्हणीन."

वैदेहीने मागच्या फाटकाला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. दुपारची ती लॅपटॉप घेऊन खालीच बसायला लागली.

पण एके दिवशी वरच्या मजल्यावर जावं लागलं. मीटिंग होती, खाली वायफाय नीट येत नव्हतं. शिरीष ऑफिसात, जुई मैत्रिणीकडे. ऑगस्ट कडक होता. कितीतरी दिवस पाऊस नव्हता, बागेतलं गवत जळून पिवळं पडलं होतं. वैदेहीने कानाला हेडफोन लावले. खाली आई कांदा चिरत होती.

मीटिंगमध्ये कुणीतरी बोलत होतं. त्या बोलण्याच्या मागे तिला काहीतरी ऐकू आलं...

तिने हेडफोन काढले.

खालून दोन आवाज येत होते.

"...साखर किती?"

"घाल की तुझ्या हातानं."

मग फाटकाची कडी वाजली. कुलूप घातलेल्या फाटकाची.

मग काही नाही.

जिना कसा उतरली ते वैदेहीला आठवत नाही.

आई खुर्चीत बसली होती. डोळे मिटलेले, मान जराशी कलती, चेहरा शांत. शेजारची खुर्ची रिकामी. आईचे पाय अनवाणी होते.

घोट्यापर्यंत ओले होते. काळा चिखल लागला होता, आणि चिखलात लव्हाळ्याचं एक पातं...

कुलूप जागच्या जागी होतं. वैदेहीने किल्ली आणून ते उघडलं. फाटकाबाहेर, गल्लीतल्या विटांवर, आईच्या चपला होत्या. एकीशेजारी एक, नीट काढलेल्या.

कालव्याकडे तोंड करून.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वयाला धरून होतं. पायांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी पाहिले तोवर वैदेहीने ते पुसले होते.

पुसताना तिला फोनमधल्या त्या यंत्राच्या बाईचा आवाज आठवला. ती 'राहते' म्हणाली नव्हती. 'राहिली' म्हणाली होती. बाई पाण्यात राहिली.

जशी एखादी वस्तू राहते. जसा चहा राहिला होता.

अंत्यसंस्कार ब्रेडालाच केले. डच स्मशानभूमीची ती स्वच्छ, पांढरी खोली. फुलं, मंद संगीत, बाजूच्या दालनात कॉफी आणि केक. जवळच्या बेस्ट गावाहून वैदेहीची मैत्रीण सुचेता आली होती, महाराष्ट्र मंडळातल्या बायका होत्या, शिरीषच्या ऑफिसातले लोक होते, जुईच्या शाळेतल्या बाई होत्या. पुण्याहून गुरुजींनी व्हिडिओवर मंत्र म्हटले. मग एकेकाने शवपेटीपाशी जाऊन फूल ठेवायचं होतं.

वैदेहीने फूल ठेवलं. तोंडावर शब्द आला होता. लहानपणापासून आईला सोडून निघताना जो यायचा, तोच. तिने ओठ दाबून धरले. दातांनी धरले. आणि मागे फिरली.

मंडळातल्या बायकाही तशाच. आल्या, फूल ठेवलं, न बोलता वळल्या. सगळ्यांना माहीत होतं.

मग जुई पुढे झाली.

तिने पेटीवर हात ठेवला. त्या नऊ वर्षांच्या पोरीला आजीसाठी काहीतरी करायचं होतं. आजीला हवं होतं आणि तिने कधी दिलं नव्हतं, असं एकच काहीतरी तिच्याजवळ होतं.

स्पष्ट, शुद्ध मराठीत ती म्हणाली,

"येते हं, आजी."

सुचेताच्या हातातलं फूल खाली पडलं. मंडळातल्या बायका जागच्या जागी थिजल्या. कुणीतरी हुंदक्यासारखा श्वास आत ओढला.

शाळेतल्या बाईंना काहीच कळलं नाही. त्या डोळे पुसत जुईकडे बघून हसल्या.

गाडीत वैदेहीने तिला जवळ घेतलं. "बाळा, असं नसतं म्हणायचं. तिथे नाही म्हणायचं."

"पण आजीनेच सांगितलं," जुई म्हणाली. मराठीतच म्हणाली. "नेहमी. शी सेड नेहमी."

वैदेहीने तिचा सीटबेल्ट लावला.

काही दिवसांनी, भर दुपारी, वैदेहीने वरच्या खिडकीतून पाहिलं. जुई बागेत बसली होती. आजीच्या खुर्चीत. शेजारी दुसरी खुर्ची ओढलेली. खिडकी बंद होती, शब्द ऐकू येत नव्हते. फक्त जुईचे ओठ हलताना दिसत होते. मधेच ती मान डोलवत होती.

वैदेहीने खिडकी उघडली.

"व्हय की," जुई म्हणत होती. "बिनसाखरेचा."

त्या वर्षअखेरीस त्यांनी घर सोडलं. शिरीषचा या सगळ्यावर विश्वास नव्हता, पण त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. झूटरमेरला वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाग नाही. फाटक नाही. खाली इमारतीला लागून कालवा आहे. वैदेहीने पाण्यापासून लांब घर शोधलं होतं, खूप शोधलं. पण हॉलंडमध्ये पाण्यापासून लांब घर मिळत नाही.

आता सुट्टीच्या दिवशी दुपारी जुईला ती एकटं सोडत नाही. पोहण्याचा क्लास बंद केला. आणि सकाळी शाळेला निघताना तिला काय म्हणायचं ते नव्याने शिकवलं. दुई म्हण. बाय म्हण. नाहीतर...

नाहीतर 'जाते' म्हण.

कोल्हापूरच्या सुरेखाबाईची लेक, आपल्या पोरीला उंबऱ्यात उभी करून 'जाते' म्हणायला शिकवते. शब्द ऐकताना दर वेळी ती तोंड फिरवते. तरी शिकवते.

जुई ऐकते. शहाणी पोर आहे.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ, बाहेर धुकं. जुईने दप्तर पाठीला लावलं, बूट घातले.

"जाते, आई!"

पूर्वी ती मम म्हणायची. अलीकडे आई म्हणते. ते कधीपासून, वैदेहीला आठवत नाही.

दार लागलं. वैदेही ओट्याकडे वळली. चहा उकळत होता.

खालून, कालव्याच्या बाजूने, धुक्यातून कुणीतरी म्हणालं...

"जाते नाही गं राणी. येते म्हणावं."

तो आवाज वैदेही हजार माणसांत ओळखेल. आणि सांगायला नको, पण खरं आहे म्हणून सांगायचं. तो ऐकल्याबरोबर पहिल्या क्षणी तिला भीती वाटली नाही. पहिल्या क्षणी तिला बरं वाटलं. इतकं बरं, की ती जागची हललीच नाही.

तेवढाच एक क्षण.

मग जिन्यातून जुईचा आवाज आला. हसरा, लांब लांब जाणारा.

"येते!"